कच्छचे जुरासिक थर: वय कसं ठरतं आणि नावं कुठून येतात? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुजच्या उत्तरेला आणि वायव्येला असलेल्या डोंगरांमध्ये ओहोळांच्या काठाने चाललं, की अमोनाइट (वेटोळ्या कवचाच्या नामशेष समुद्री प्राण्यांचे जीवाश्म), शिंपले आणि बोटाएवढे बेलेम्नाइट (माकुळीच्या नात्यातल्या नामशेष प्राण्यांचे टोकदार अवशेष) पायाखाली येऊ लागतात. ते पाहून आलेले विद्यार्थी, शिक्षक आणि भटके जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. खडकाचं नाव, जीवाश्मांवरून आखलेला पट्टा (ठरावीक जीवाश्म असलेला थरांचा भाग) आणि काळाचं नाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. या विषयातला बहुतेक गोंधळ या तिन्ही एकच मानल्यामुळे होतो, म्हणून उत्तरांमध्ये हा मुद्दा वारंवार येईल.

जुरासिक म्हणजे नेमका कधीचा काळ?

साधारण २०.१४ कोटी वर्षांपूर्वी सुरू होऊन १४.५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंतचा. शेवटचा आकडा अजून पक्का बसलेला नाही. अलीकडच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात तो १४.३ कोटींच्या जवळ आणला आहे, त्यामुळे जुन्या आणि नव्या पुस्तकांत फरक दिसला तर छपाईची चूक समजू नका.

या काळाचे पूर्व (आधीचा), मध्य आणि उत्तर (नंतरचा) असे तीन भाग आणि त्यांत मिळून अकरा टप्पे आहेत. कच्छसाठी त्यातले वरचे सहा लक्षात ठेवावेत. खालून वर ते असे येतात: बजोशियन, बॅथोनियन, कॅलोव्हियन, ऑक्सफर्डियन, किमरिजियन आणि टिथोनियन. बजोशियनची सुरुवात सुमारे १७.१ कोटी वर्षांपूर्वीची आणि कॅलोव्हियनची सुमारे १६.५ कोटी वर्षांपूर्वीची. बहुतेक टप्प्यांची नावं युरोपातल्या गावांवरून आणि प्रदेशांवरून पडलेली आहेत, कारण हा अभ्यास तिथे सुरू झाला. ती नावं काळाची आहेत, त्यामुळे कच्छमध्ये, मादागास्करात आणि अर्जेंटिनात तीच वापरतात.

भारतात जुरासिक म्हटलं की कच्छचंच नाव पुढे का येतं?

भारत, आफ्रिका आणि दक्षिणेकडचे इतर भूभाग एकत्र असलेलं गोंडवन महाखंड फुटू लागलं, तेव्हा पश्चिम भारताच्या काठाशी एक खोलगट भाग तयार झाला आणि त्यात समुद्र शिरला. मध्य जुरासिकपासून क्रिटेशियसच्या, म्हणजे जुरासिकनंतरच्या काळाच्या, सुरुवातीपर्यंत तिथे गाळ साचत राहिला: चुनखडक, शेल (चिखलाचा पापुद्र्यांचा खडक), वालुकाश्म, पुन्हा शेल. नंतर हा भाग उचलला गेला आणि थर उघडे पडले. हवामान कोरडं असल्यामुळे त्यांच्यावर दाट माती किंवा जंगल नाही. एवढ्या सलग कालखंडाचे आणि एवढ्या अमोनाइटांनी भरलेले समुद्री थर पायी फिरून पाहता येतील, अशा जागा जगात थोड्याच आहेत. जैसलमेरलाही जुरासिक समुद्राचे थर आहेत आणि हिमालयात स्पितीला आहेत, पण सोय आणि समृद्धी या दोन्ही बाबतींत कच्छ पुढे आहे.

अभ्यासही जुना आहे. बॉम्बे इंजिनिअर्समधल्या कॅप्टन ग्रँट यांचा कच्छच्या भूरचनेवरचा लेख नकाशासह १८४० मध्ये लंडनमध्ये छापला गेला. त्यांनी जमवलेल्या जीवाश्मांचं वर्णन जीवाश्मतज्ज्ञ सॉवर्बी यांनी केलं. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे वाइन, स्टोलिच्का आणि वागेन यांनी १८७०च्या दशकात पाया रचला. वागेन यांचा कच्छच्या अमोनाइटांवरचा ग्रंथ १८७३ ते १८७५ या काळात आला. जीवाश्मतज्ज्ञ स्पाथ यांनी १९२७ ते १९३३ मध्ये त्याची फेरतपासणी केली. आजही कच्छचा एखादा अमोनाइट ओळखायचा, तर हे दोन ग्रंथ उघडावेच लागतात.

एवढ्या जुन्या जीवाश्माचं कार्बन डेटिंग का करत नाहीत?

कार्बन-१४चं अर्धायुष्य (निम्मा भाग नष्ट व्हायला लागणारा काळ) सुमारे ५,७३० वर्षं आहे. पन्नासेक हजार वर्षांनंतर मोजण्याइतका कार्बन-१४ उरतच नाही आणि इथे गोष्ट कोटींची आहे. ‘कार्बन डेटिंगने जुरासिक ठरलं’ असं बातमीत वाचलं, तर ती बातमी बाजूला ठेवा.

मग कोटी वर्षांचे आकडे येतात कुठून?

ज्वालामुखीच्या राखेतून. गाळाच्या खडकातले कण आधीच्या जुन्या खडकांची झीज होऊन आलेले असतात, त्यामुळे त्यांचं वय मोजलं तर मूळ खडकाचं वय हाती लागतं, थर साचल्याचं नाही. पण समुद्रात गाळ साचत असताना जवळपास ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तर राखेचा पातळ थर मध्येच बसतो. त्या राखेत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक स्फटिक असतात. स्फटिक तयार होताना त्यात युरेनियम सामावतं, शिसं जवळजवळ नाही. युरेनियम-२३८चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं आणि युरेनियम-२३५चं ७०.४ कोटी वर्षं. दोन्ही स्वतंत्रपणे शिशाच्या वेगवेगळ्या समस्थानिकांत (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंत) बदलत जातात. म्हणजे एकाच स्फटिकात दोन घड्याळं असतात आणि ती जुळतात का, हे तपासता येतं. जुळली नाहीत तर स्फटिकातून मधल्या काळात शिसं निसटलं आहे हे कळतं आणि तो आकडा वापरत नाहीत.

जुरासिकच्या सुरुवातीचा आकडा असाच मिळाला. उत्तर पेरूमधल्या पुकारा खोऱ्यात त्या काळचे अमोनाइट आणि राखेचे थर एकाच उभ्या छेदात एकाआड एक आहेत. ट्रायासिकचे, म्हणजे जुरासिकच्या आधीच्या काळाचे, शेवटचे आणि जुरासिकचे पहिले अमोनाइट यांच्या आसपासच्या राखेतले झिरकॉन मोजले आणि २०.१४ कोटींच्या जवळचा आकडा आला.

कच्छमध्ये काम उलट्या दिशेने चालतं. इथे आधी अमोनाइटवरून टप्पा आणि पट्टा ठरतो. त्या पट्ट्याचं कोटींमधलं वय राख असलेल्या दुसऱ्या ठिकाणी काढलेलं असतं आणि ते इथे लागू होतं. म्हणून कच्छच्या एखाद्या थराला कोणी ‘१६.४ कोटी वर्षं’ म्हणालं, तर त्यामागे दोन पायऱ्या आहेत हे ध्यानात ठेवावं. पहिली पायरी सहसा पक्की असते. दुसरी नव्या मोजणीने हलू शकते आणि ती हलली तरी थरांचा क्रम तसाच राहतो.

जीवाश्मावरून थराचं वय आणि थरावरून जीवाश्माचं वय. हा वर्तुळाकार तर्क नाही का?

हा प्रश्न दरवेळी येतो आणि यायलाच हवा. उत्तर इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये कालव्यांचं काम करणाऱ्या विल्यम स्मिथ यांना दिसलं, की प्रत्येक थरात ठरावीक जीवाश्म येतात आणि त्यांचा क्रम गावोगाव तोच राहतो. त्यावर आधारलेला नकाशा त्यांनी १८१५ मध्ये छापला. आल्बर्ट ओपेल यांनी १८५६ ते १८५८ या काळात इंग्लंड, फ्रान्स आणि नैर्ऋत्य जर्मनीतले जुरासिक थर जीवाश्मांच्या पट्ट्यांनी एकमेकांशी जोडून दाखवले. डार्विनचा ग्रंथ त्यानंतर, १८५९ मध्ये आला. किरणोत्सर्गावरून वय काढण्याची पद्धत तर विसाव्या शतकातली. म्हणजे क्रम आधी नुसत्या पाहणीतून मिळाला होता: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा आणि कुठल्या थरात कोणता प्राणी आहे याची नोंद.

हा क्रम खोटा ठरवण्याची संधी प्रत्येक नव्या छेदात असते. कॅलोव्हियनचे अमोनाइट किमरिजियनच्या अमोनाइटांच्या वर, थर उलटे झालेले नसताना आणि जुन्या थरातून वाहून आलेले नसताना, नियमितपणे सापडू लागले, तर सगळी मांडणी कोसळेल. दोनशे वर्षांत तसं झालेलं नाही. नंतर झिरकॉनचे आकडे आले, तेही त्याच क्रमाने लागले. ज्यांनी क्रम लावला त्यांना हे आकडे ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

वय ठरवायला अमोनाइटच का? डायनासोर का नाही?

वय सांगणाऱ्या जीवाश्माकडून चार अपेक्षा असतात: तो भरपूर सापडावा, दूरवर पसरलेला असावा, लवकर बदलत गेलेला असावा आणि नेमका ओळखता यावा. डायनासोरांचे सांगाडे क्वचित मिळतात, बहुतेक तुकड्यांत मिळतात आणि ते जमिनीवर राहणारे असल्यामुळे एका खंडापुरते असू शकतात. अमोनाइट समुद्रात राहायचे, मेल्यावर त्यांची कवचं पाण्याबरोबर आणखी दूर जायची आणि त्यांच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या. वायव्य युरोपात जुरासिकचे सत्तरहून अधिक अमोनाइट पट्टे केले आहेत, म्हणजे एका पट्ट्याच्या वाट्याला सरासरी दहा लाखांपेक्षा कमी वर्षं येतात. सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेबाबत एवढी बारीक विभागणी करता येते, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

ओळखताना पाहायचं ते असं: वेटोळी एकमेकांना किती झाकतात, कवचावरच्या फासळ्यांसारख्या रेषा कुठे दुभंगतात, बाहेरच्या कडेला कंगोरा आहे की खाच आणि आतल्या कप्प्यांच्या भिंती कवचाला जिथे मिळतात ती नागमोडी रेषा कशी आहे. पूर्ण वाढलेलं कवच नसेल तर नाव घाईने देऊ नये. जुन्या ग्रंथांत जातींची संख्या फुगलेली आहे, त्याचं एक मोठं कारण हेच. दुसरं कारण १९६०च्या दशकात स्पष्ट झालं. एकाच जातीत मोठी आणि छोटी अशी दोन प्रकारची कवचं असतात आणि ती मादी-नराची मानली जातात. त्याआधी ही जोडी दोन वेगळ्या जाती, कधी दोन वेगळ्या प्रजाती म्हणून नोंदवली जायची. त्यामुळे कच्छच्या जुन्या याद्या वाचताना जातींची संख्या जशीच्या तशी घेऊ नये.

एकाच डोंगरातल्या थराला कोणी ‘चारी’ म्हणतं, कोणी ‘जुमारा’, कोणी ‘कॅलोव्हियन’. बरोबर काय?

तिन्ही बरोबर असू शकतात, कारण उत्तरं तीन वेगळ्या प्रश्नांची आहेत.

स्टोलिच्का यांनी कच्छच्या थरांचे खालून वर चार भाग केले: पच्छम, चारी, कटरोल आणि उमिया. १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि ही विभागणी जगापुढे आली ती वागेन यांच्या ग्रंथातून. या चार भागांमध्ये खडकाचा प्रकार आणि त्यातले जीवाश्म यांचा एकत्रित विचार होता. त्या काळात तसंच करत. ढोबळमानाने पच्छम बॅथोनियनपर्यंत, चारी कॅलोव्हियन आणि ऑक्सफर्डियन, कटरोल किमरिजियन आणि टिथोनियन, तर उमिया टिथोनियनपासून क्रिटेशियसमध्ये जाणारा.

अडचण अशी, की समुद्राचा काठ सगळीकडे एकाच वेळी सरकत नाही. एका ठिकाणी वाळू साचत असते तेव्हाच थोड्या खोल पाण्यात चिखल साचत असतो. त्यामुळे नकाशावर एकसारखा दिसणारा वालुकाश्म एका टोकाला जुना आणि दुसऱ्या टोकाला तरुण असू शकतो. खडक आणि काळ एकाच नावात बांधले, की असं नाव कुठेतरी फसतंच. एस. के. बिस्वास यांनी १९७७ मध्ये निव्वळ खडकांच्या गुणांवर आधारलेली मांडणी केली. कच्छच्या मुख्य भागात झुरिओ, जुमारा, झुरान आणि भुज हे चार शैलसमूह, रणातल्या पच्छमच्या बेटासाठी काळाडोंगर आणि गोराडोंगर, आणि पूर्वेच्या खडीर, वागड भागांसाठी आणखी वेगळी नावं त्यांनी दिली. प्रत्येकासाठी नेमकी जागा नेमून दिली, जिथे जाऊन कुणालाही तो खडक पाहता येईल.

म्हणून ‘जुमारा’ सांगतं की खडक कसा आहे आणि नकाशात कुठे बसतो. ‘मॅक्रोसेफलाइट्सचा पट्टा’ म्हटलं की त्यात कोणता प्राणी आहे ते कळतं. ‘कॅलोव्हियन’ हे काळाचं नाव. ‘चारी’ हे जुनं नाव अजूनही अनेक संशोधक वापरतात, आता खडकाच्या व्याख्येसह, आणि त्यात गैर काही नाही. विद्यार्थ्यांनी अहवाल लिहिताना एकच पथ्य पाळावं: कोणाची मांडणी वापरली ते पहिल्या पानावर सांगावं आणि मध्येच दुसरीकडे उडी मारू नये.

धोसा ऊलाइट म्हणजे काय? त्याचा एवढा गाजावाजा का?

चारीच्या अगदी माथ्यावरचा हा तपकिरी-तांबूस थर आहे. त्यात लोहयुक्त बारीक गोल कण ठासून भरलेले असतात. काळ ऑक्सफर्डियन. कच्छच्या मुख्य भागात शंभरेक किलोमीटर तो पुन्हा पुन्हा भेटतो, आजूबाजूच्या मऊ शेलपेक्षा टणक असल्यामुळे उठून दिसतो आणि त्यामुळे नकाशा करणाऱ्यांचा तो भरवशाचा खुणेचा थर आहे. धोसा सापडला, की त्याखाली काय आणि वर काय हे लगेच कळतं.

वय ठरवताना मात्र हाच थर सर्वांत जास्त फसवतो. लक्षावधी वर्षांत इथे फार थोडा गाळ साचला. अधूनमधून साचलेलाही उकरला गेला, त्यातली कवचं पुन्हा उघडी पडली, पाण्यात घासली गेली आणि नव्या गाळात मिसळली. वरच्या बाजूला गोट्यांचा आणि तुकड्यांचा पिंडाश्मासारखा पातळ थर आहे, त्यात तर वेगवेगळ्या वयांचे अमोनाइट हाताच्या अंतरावर सापडतात. अशा ठिकाणी ‘एका थरातले म्हणून एका काळातले’ हे गृहीत धरता येत नाही. कवचाच्या आत भरलेला गाळ आणि बाहेरचा गाळ सारखा आहे का, कवच झिजलेलं आहे का, त्यावर शिंपले किंवा कृमींची नळकांडी चिकटली आहेत का, हे तपासावं लागतं. आतला गाळ वेगळा असेल तर ते कवच जुन्या थरातून आलं आहे, असं धरून चालावं.

धोसाच्या वर कटरोलचे थर सुरू होतात, ते किमरिजियनचे. मधल्या काळाचा बराचसा भाग मुख्य कच्छमध्ये दगडाच्या रूपात नाहीच. उघड्या डोळ्यांना दोन थर एकावर एक नीट बसलेले दिसतात आणि त्या एका रेषेत लाखो वर्षं गेलेली असतात. जीवाश्म नसते तर ही पोकळी कुणाच्या लक्षातही आली नसती.

युरोपात ठरवलेले पट्टे कच्छला जसेच्या तसे लावता येतात का?

नाही. सुरुवातीच्या काळात ते लावले गेले आणि त्याचे परिणाम निस्तरायला बरीच वर्षं लागली. त्या काळी कच्छ दक्षिण गोलार्धात, मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेच्या शेजारी होतं. इथले अमोनाइट त्या भागांतल्या अमोनाइटांशी जवळचं नातं सांगतात. ऑक्सफर्डियनमधला मायाइट्स आणि त्याचे भाईबंद तर याच हिंदी महासागरी पट्ट्याचे रहिवासी. वायव्य युरोपातल्या अनेक नेमक्या खुणेच्या जाती इथे पोहोचल्याच नाहीत.

मॅक्रोसेफलाइट्सचं उदाहरण बोलकं आहे. युरोपात हा गुबगुबीत अमोनाइट आला की कॅलोव्हियन सुरू झालं, असा नियम रूढ होता. कच्छमध्ये तो दिसला की थर कॅलोव्हियन, असं साहजिकच लिहिलं गेलं. पुढे जुमारासारख्या ठिकाणी त्याच्याबरोबरचे इतर अमोनाइट बारकाईने पाहिले तेव्हा स्पष्ट झालं, की मॅक्रोसेफलाइट्सचं कुळ इकडच्या समुद्रात बॅथोनियनमध्येच हजर होतं आणि युरोपात नंतर पोहोचलं. त्यामुळे एकट्या अमोनाइटवर कधीच विसंबू नये. एका थरातले सगळे प्रकार एकत्र पाहावेत, वर-खालचे थर पाहावेत आणि मग मादागास्करमार्गे युरोपशी दुवा जोडावा. कच्छसाठी आता स्वतंत्र स्थानिक पट्टे आखले आहेत.

कच्छमधल्या सर्वांत जुन्या थरांचं वयही एका शोधाने मागे गेलं. १९८२ मध्ये सिंह, जेटली आणि पांडे यांनी पच्छम भागातून लेप्टोस्फिंक्टीस हा बजोशियन अमोनाइट नोंदवला. तोवर तिथे बजोशियनचा अमोनाइटी पुरावा नव्हता.

डोंगरात खालचा थर कोणता आणि वरचा कोणता, हे कसं ओळखायचं?

कच्छच्या मुख्य भागात उत्तरेच्या बाजूला हबो, झुरा, कीरा, जुमारा असे घुमटाकार डोंगर ओळीने आहेत. घुमटात थर चारी बाजूंना बाहेर कललेले असतात आणि झीज झाल्यामुळे मधला भाग उघडा पडलेला असतो. त्यामुळे केंद्रात सर्वांत जुने थर आणि बाहेर जाल तसे तरुण थर मिळतात. उंचीवरून अंदाज करू नका. जुना थर माथ्यावर आणि तरुण थर पायथ्याशी, असं इथे सहज घडतं. विभंग (ज्या भेगेवर थर सरकलेले असतात ती) ओलांडला तर थर पुन्हा सुरुवातीपासून भेटू शकतात. शंका आली तर लाटांच्या खुणा, तिरकस थर आणि प्राण्यांनी केलेली बिळं पाहावीत, त्यांवरून गाळाची वरची बाजू कळते.

थरात अमोनाइट नसेल तर काय करतात?

सूक्ष्मजीवाश्म पाहतात: फोरॅमिनिफेरा, ऑस्ट्राकोड, चुनखडी कवचाचे नॅनोप्लवक आणि डायनोफ्लॅजेलेटची कोशं. मूठभर शेलमध्येही ते मिळतात, त्यामुळे तेलविहिरींच्या नमुन्यांत यांच्यावरच भिस्त असते. बेलेम्नाइटच्या कॅल्साइटमध्ये स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण मोजता येतं. समुद्राच्या पाण्यातलं हे प्रमाण काळानुसार बदलत गेलं आहे आणि कॅलोव्हियन-ऑक्सफर्डियनच्या आसपास ते गेल्या ५० कोटींहून अधिक वर्षांतल्या नीचांकाला गेलं होतं. मात्र नीचांकाच्या दोन्ही बाजूंना तोच आकडा येतो, म्हणून जीवाश्मांची जोड लागतेच.

लोडाईजवळ सापडलेल्या सागरी सरीसृपाचं वय कसं ठरलं?

भुजच्या ईशान्येला असलेल्या लोडाई गावाजवळच्या कटरोल थरांत इक्थिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि भारतातला तो पहिला जुरासिक इक्थिओसॉर ठरला. पाच मीटरहून लांब प्राण्याचं वय किमरिजियन ठरलं ते त्याच्या हाडांवरून नव्हे, सोबतच्या अमोनाइटांवरून.

महाराष्ट्रात जुरासिक जीवाश्म मिळतात का?

सह्याद्रीत आणि दख्खनच्या पठारावर नाही. तिथला काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे जुरासिक संपल्यावर साडेसात-आठ कोटी वर्षांनी वाहिलेला लाव्हा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचे डायनासोर प्रसिद्ध आहेत, पण ते लॅमेटा थरांतले, क्रिटेशियसच्या शेवटच्या काळातले. डायनासोर म्हणजे जुरासिक हे समीकरण डोक्यातून काढून टाकायला हवं.

हाच लाव्हा कच्छमध्येही आहे. धिनोधरचा डोंगर त्याच ज्वालामुखी काळातला आणि अनेक ठिकाणी बेसाल्टच्या भिंती जुरासिक थर चिरून वर आलेल्या दिसतात. चिरणारा खडक चिरलेल्या खडकापेक्षा तरुण असतो, एवढं त्यावरून नक्की कळतं. पण ‘६.६ कोटींपेक्षा जुना’ ही मर्यादा फारच सैल आहे.

खरा जुरासिक महाराष्ट्र गडचिरोलीत आहे. सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा थर उघडे पडले आहेत आणि तेच थर पलीकडे तेलंगणात जातात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांच्या समकालीनांपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या जीवाश्मांचा अभ्यास सुरू आहे. सिरोंचाजवळच्या वडधम परिसरात अश्मीभूत लाकूड आणि डायनासोरांची हाडं मिळतात. कोटा थरांत मिळालेल्या हाडांवरून बारापासॉरस टागोराय या अजस्र शाकाहारी डायनासोरला १९७५ मध्ये नाव मिळालं.

इथे वय ठरवणं कच्छपेक्षा पुष्कळ अवघड आहे. हे थर नद्या आणि तळी यांच्यात साचलेले, म्हणजे अमोनाइटचा प्रश्नच नाही. कोटा चुनखडकातल्या माशांवरून आधी पूर्व जुरासिक म्हटलं गेलं. पुढे ऑस्ट्राकोड आणि परागकणांच्या अभ्यासातून काहींनी वरचा भाग मध्य जुरासिकपर्यंत किंवा त्याहूनही अलीकडे नेला. खालचे थर ट्रायासिकचे आहेत, ती एक बाजू बऱ्यापैकी बांधलेली आहे. माझ्या मते इथे मोठं काम बाकी आहे आणि ते करायला विदर्भातल्या विद्यार्थ्यांइतकं जवळ कोणी नाही. राखेचा एक जरी खात्रीचा थर सापडला, तरी शंभर वर्षांहून जुना वाद बराचसा मिटेल.

देव्हाऱ्यातला शाळिग्राम जुरासिक असतो का?

अनेकदा, हो. नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या परिसरात, काली गंडकीच्या वरच्या खोऱ्यात उत्तर जुरासिकचे काळे शेल आहेत. स्पितीच्या शेलचेच ते नातेवाईक. त्यांतल्या टणक गाठींमध्ये अमोनाइट असतात. गाठी शेलमधून सुटून नदीत येतात आणि घासून गुळगुळीत होतात. ज्या खुणेला आपण चक्र म्हणतो, ती बहुतेक वेळा अमोनाइटची वेटोळी. मूळ थर हरवलेला असला, तरी आतला अमोनाइट पुरेसा शाबूत असेल तर जाणकार टप्पा सांगू शकतो. मात्र त्यासाठी गाठ फोडण्याची काहीही गरज नाही, घरातला शाळिग्राम तर मुळीच नाही.

भूवैज्ञानिक काळाच्या तक्त्यात टप्प्यांपुढे सोनेरी खिळ्याचं चिन्ह असतं, ते काय?

त्या टप्प्याची सुरुवात जगात कुठल्या एका छेदात, कुठल्या एका रेषेवर मोजायची, हे आंतरराष्ट्रीय सहमतीने ठरलं आहे, असा त्याचा अर्थ. जुरासिकच्या सुरुवातीचा खिळा ऑस्ट्रियातल्या कुहयोखला आहे, बजोशियनचा पोर्तुगालमधल्या काबो मोंडेगोला, बॅथोनियनचा फ्रान्समध्ये, किमरिजियनचा स्कॉटलंडच्या स्काय बेटावर. जुरासिक आणि क्रिटेशियसच्या सीमेने अभ्यासकांना सर्वांत जास्त काळ झुंजवलं, कारण त्या वेळी उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या समुद्रांतले अमोनाइट एकमेकांपासून फार वेगळे झाले होते.

कच्छमध्ये फिरताना अमोनाइट दिसला तर काय करावं?

सर्वांत आधी तो खडकात रुतलेला आहे की सुटा पडलेला, ते पाहा. सुटा असेल तर तो उतारावरून कुठल्याही वरच्या थरातून आलेला असू शकतो. रुतलेला असेल तर पट्टी किंवा नाणं शेजारी ठेवून जवळून एक आणि लांबून पूर्ण छेद दिसेल असा एक, असे दोन फोटो काढा. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घ्या. खालच्या आणि वरच्या थराचा रंग, जाडी आणि खडकाचा प्रकार दोन ओळींत लिहा. ही नोंद असेल तर साधा तुटका अमोनाइटसुद्धा संशोधकाच्या कामाचा असतो. नोंद नसेल तर कपाटातला देखणा नमुनाही थरांच्या वयाबद्दल फारसं सांगू शकत नाही.

हातोडी चालवू नका आणि रस्त्याकडेला विकायला ठेवलेले जीवाश्म घेऊ नका. धोसा आणि कीरासारख्या ठिकाणांचे मोजके छेद जगभरच्या अभ्यासाचा आधार आहेत, ते एकदा खणून संपले की परत तयार होणार नाहीत. रणाच्या आणि सीमेच्या बाजूला जायचं असेल तर परवानगीची चौकशी भुजमध्येच करून निघा. हाड दिसलं तर अजिबात न हलवता जवळच्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.

प्रत्यक्ष नमुने कुठे पाहायला मिळतील?

वागेन आणि स्पाथ यांनी वर्णन केलेल्या कच्छच्या अमोनाइटांचा संग्रह कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. बारापासॉरसचा उभा केलेला सांगाडा कोलकात्यातच भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात आहे. कोटा थरांतल्या दुसऱ्या डायनासोरचा, कोटासॉरसचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात आहे. विदर्भातून जाणाऱ्यांना हैदराबादच सोयीचं पडेल आणि त्याच वाटेवर सिरोंचाही करता येईल.